क्रिप्टो एक्स्चेंजवरून बाहेर काढताना होणारे घोळ

आडगणिती

'पाठवले पण पोचले नाहीत' या अर्थाचे धागे इथे वरचेवर निघतायत. उत्तरं दर वेळी तीच असतात, पण दहा ठिकाणी विखुरलेली. म्हणून एकदा सगळं एकत्र लिहून काढतो. कुठलं नाणं घ्यावं, भाव कुठे जाईल ही चर्चा इथे नको. त्यासाठी वेगळे धागे आहेत आणि तिथे भांडायला माणसंही भरपूर आहेत. इथे विषय एवढाच की एक्स्चेंजवरचं (म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या साइटवरचं) क्रिप्टो आपल्या वॉलेटमध्ये (पैशांची गुप्त किल्ली आपल्याच हाती असते अशा अ‍ॅपमध्ये किंवा यंत्रात) किंवा दुसऱ्या एक्स्चेंजवर नेताना नेमकं काय चुकतं.

आधी नेटवर्क. यूएसडीटी (डॉलरशी भाव बांधलेलं नाणं) नावाला एकच, पण इथेरियम, ट्रॉन, बीएनबी चेन, सोलाना अशा बऱ्याच साखळ्यांवर, म्हणजे ब्लॉकचेन नेटवर्कवर, ते वेगवेगळं नांदतं. विथड्रॉवलच्या पानावर नेटवर्कची यादी उघडते, शेजारी प्रत्येकाची फी दिसते, आणि माणूस डोळे मिटून सगळ्यांत स्वस्त पर्यायावर बोट ठेवतो. बरेच पैसे इथेच भरकटतात. नेटवर्क घेणाऱ्याच्या बाजूने ठरतं. त्यामुळे उलटीकडून सुरुवात करा: जिथे पैसे जायचेत तिथलं डिपॉझिटचं पान आधी उघडा, तिथे ते नाणं कुठल्या कुठल्या नेटवर्कवर घेतात ते बघा, त्यातल्या एकाचा पत्ता उचला आणि मगच इकडे येऊन तेच नेटवर्क निवडा.

पत्ता पाहून बरंचसं कळतं. ट्रॉनचा पत्ता 'टी'ने सुरू होतो, ३४ अक्षरांचा असतो. बिटकॉइनचा १ ने, ३ ने किंवा 'बीसी१'ने. इथेरियमचा '०एक्स' आणि पुढे ४० अक्षरं-आकडे. ट्रॉनचा पत्ता टाकून इथेरियम नेटवर्क निवडलंत तर फॉर्मच अडवतो. खरी गोची '०एक्स'वाल्यांची आहे, कारण इथेरियम, बीएनबी चेन, पॉलिगॉन, आर्बिट्रम, बेस या सगळ्यांवर पत्त्याची धाटणी एकच. फॉर्म काही बोलत नाही, व्यवहार यशस्वी होतो, आणि पैसे मात्र दिसत नाहीत.

मग मेमो, म्हणजे पत्त्यासोबत द्यायचा ओळखीचा आकडा. एक्सआरपीला डेस्टिनेशन टॅग लागतो, स्टेलरला मेमो, टॉनला कमेंट. एक्स्चेंज सगळ्या ग्राहकांसाठी एकच पत्ता वापरतं आणि कुणाचे पैसे कुणाचे हे त्या आकड्यावरून ठरवतं. तो राहिला तर पैसे एक्स्चेंजकडे पोचतात, तुमच्या खात्यात नाही. सपोर्टला हॅश (व्यवहाराचा ओळख क्रमांक) देऊन बहुतेकदा मिळतात, पण त्यात किती दिवस जातील याचा नेम नाही. स्वतःच्या वॉलेटला पाठवताना टॅगची गरज नसते.

आणि पत्ता. 'एक अक्षर चुकलं आणि सगळं गेलं' अशी भीती घातली जाते. बिटकॉइन, ट्रॉनच्या पत्त्यातच पडताळणीचा भाग असतो. जुन्या धाटणीच्या बिटकॉइन पत्त्यात टंकनाची चूक सुटून जायची शक्यता साधारण चारशे कोटींत एक. इथेरियममध्ये ही पडताळणी अक्षरं लहान-मोठी असण्यात दडवलेली आहे, त्यामुळे सगळी अक्षरं लहान करून चिकटवलीत तर ती गेली. पण असे चुकीचे पत्ते विरळाच. माणसं बुडतात ती अगदी शुद्ध, वैध, पण दुसऱ्याच कुणाच्या पत्त्यामुळे. तेव्हा पत्ता कुठून उचललाय हे आधी विचारायचं.

भर घाला.

चाफेकळी

छान लिहिलंय. पण सगळ्यांत महत्त्वाचं राहिलं की! आधी छोटी रक्कम पाठवायची, ती पोचली की उरलेली. फी दोनदा बसते, बसू दे. मी एवढंच करते आणि निवांत असते.

भुईनळा

चाफेकळीताई, निवांत राहू नका. डिसेंबर २०२५ मधली गोष्ट. एका वॉलेटवाल्याने अगदी शहाण्यासारखे आधी ५० यूएसडीटी पाठवले. पोचले. मग उरलेली रक्कम पाठवताना व्यवहारांच्या यादीतून पत्ता उचलला, आणि सुमारे ५ कोटी डॉलरचे यूएसडीटी चोराच्या खिशात गेले. चाचणी शंभर टक्के यशस्वी झाली होती!

याला अ‍ॅड्रेस पॉयझनिंग म्हणतात. साखळीवरचे व्यवहार सगळ्यांनाच दिसतात, त्यामुळे चोरांचे बॉट टपून असतात. तुम्ही एखाद्या पत्त्यावर काही पाठवलंत की ते लगेच पहिली चार-पाच आणि शेवटची चार-पाच अक्षरं सारखी असलेला पत्ता बनवतात आणि तिथून चिमूटभर रक्कम तुम्हाला पाठवतात. आता तुमच्या यादीत सगळ्यांत वर हा तोतया. वॉलेट मधली अक्षरं टिंबांनी झाकतं, मग दोघांत फरक कसा कळणार? त्याहून वाईट प्रकार म्हणजे शून्य रकमेचा व्यवहार. टोकनच्या (यूएसडीटीसारख्या नाण्याच्या) करारात, म्हणजे साखळीवर चालणाऱ्या त्याच्या प्रोग्रॅममध्ये, शून्य टोकन 'तुमच्या वतीने' पाठवायला तुमची परवानगीच लागत नाही, त्यामुळे यादीत तो व्यवहार तुम्ही स्वतः केल्यासारखा दिसतो.

मे २०२४ मध्ये असेच ११५५ डब्ल्यूबीटीसी (बिटकॉइनच्या भावाशी बांधलेलं टोकन), म्हणजे तेव्हाचे ६.८ कोटी डॉलर गेले होते. त्या चोराने नंतर बहुतेक रक्कम परत केली, पण चोराला उपरती होईल या भरवशावर कुणी राहू नये.

आडगणिती

भुईनळा, हे मूळ लेखातच यायला हवं होतं. चाचणी कराच. पण मोठ्या रकमेच्या वेळी पत्ता पुन्हा मूळ जागेवरून घ्या किंवा अ‍ॅड्रेस बुकमध्ये आधीच साठवलेला वापरा. व्यवहारांच्या यादीतून कधीच नाही. आणि पहिली-शेवटची चार अक्षरं जुळवणं पुरत नाही, कारण नेमकी तीच जुळवून दिलेली असतात. मधला एखादा तुकडाही वाचा.

चाफेकळी

बाप रे. मी यादीतूनच घेत होते की इतके दिवस.

रात्रपाळी

यात भर. क्लिपबोर्ड बदलणारी मालवेअर असतात, अगदी जुना धंदा. तुम्ही पत्ता कॉपी करता, चिकटवताना दुसराच चिकटतो. क्रॅक केलेली सॉफ्टवेअर आणि फुकटातली ब्राउझर एक्स्टेन्शन ही त्यांची आवडती दारं. पत्ता चिकटवल्यावर तपासायचा, कॉपी करताना नाही. क्यूआर कोड वापरलात तरी स्कॅन झाल्यावर स्क्रीनवर काय आलंय ते वाचायचंच.

हार्डवेअर वॉलेट असेल तर येणाऱ्या रकमेसाठीचा पत्ता त्या यंत्राच्या छोट्या स्क्रीनवर दाखवायची सोय असते, ती वापरा. संगणकाचा पडदा खोटं बोलू शकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट एक्स्चेंजचे सुमारे ४ लाख इथर (इथेरियमचं नाणं), जवळपास दीड अब्ज डॉलर गेले ते असेच. सह्या करणाऱ्यांना पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसत होता, आणि सही होत होती भलत्याच गोष्टीवर. एक्स्चेंज चालवणाऱ्या माणसांची ही गत, तर आपण कोण!

नवशिका

माफ करा, मध्येच विचारतो. काल एक्स्चेंजवरून माझ्या मोबाइल वॉलेटला यूएसडीटी पाठवले. एक्स्चेंज 'पूर्ण' म्हणतंय, वॉलेट रिकामं. नेटवर्क कुठलं निवडलं ते आता आठवत नाहीये. रात्रभर झोप नाही.

आडगणिती

नवशिका, आधी शांत व्हा. एक्स्चेंजच्या विथड्रॉवल हिस्टरीत त्या व्यवहारावर टॅप करा. नेटवर्कचं नाव आणि ट्रान्झॅक्शन आयडी, म्हणजे हॅश, दोन्ही दिसेल. हॅश नसेल तर पैसे अजून एक्स्चेंजमधून बाहेरच पडलेले नाहीत. असेल तर त्या नेटवर्कच्या एक्सप्लोररवर (व्यवहार शोधायच्या साइटवर) टाका: इथेरियमला इथरस्कॅन, बीएनबी चेनला बीएससीस्कॅन, ट्रॉनला ट्रॉनस्कॅन. तिथे 'यशस्वी' आणि तुमचाच पत्ता दिसला तर पैसे आहेत, फक्त वॉलेट चुकीच्या खोलीत शोधतंय.

इथे हॅश टाकलात तरी चालेल. पण हॅशवरून तुमची सगळी शिल्लक कुणालाही पाहता येते, हे लक्षात घेऊन ठरवा.

खडूस_काका

नवशिका, आत्तापासून तासाभरात तुम्हाला 'सपोर्ट टीम'चे खाजगी निरोप येतील. 'वॉलेट सिंक करा', 'व्हॅलिडेट करा' वगैरे. शेवटी वॉलेट पुन्हा उभं करायचे १२ शब्द मागतील. एकालाही उत्तर देऊ नका. ते १२ किंवा २४ शब्द म्हणजेच पैसे. ज्याच्याकडे शब्द, त्याचे पैसे. कुठल्याही खऱ्या कंपनीला त्यांची गरज नसते. एवढ्या वर्षांत अपवाद पाहिला नाही.

नवशिका

काका, निरोप आलेसुद्धा! दोन! एकाच्या फोटोत वॉलेटचा लोगो होता.

आडगणिती, बीएनबी चेन निघालं. एक्सप्लोररवर 'यशस्वी' आहे, पत्ता माझाच.

आडगणिती

मग पैसे सुखरूप आहेत. पत्ता '०एक्स'चा, किल्ली तुमच्याच हातात. वॉलेटच्या सेटिंगमध्ये बीएनबी चेन सुरू करा आणि यूएसडीटीचं टोकन जोडा, की दिसतील. टोकनच्या कराराचा पत्ता एक्सप्लोररवर तुमच्या त्याच व्यवहारात आहे, तिथूनच घ्या. शोधून पहिलं दिसेल ते जोडू नका, त्याच नावाची खोटी टोकनं ढिगाने आहेत.

हेच जर दुसऱ्या एक्स्चेंजच्या डिपॉझिट पत्त्यावर गेलं असतं तर मामला वेगळा होता. तिथे किल्ली त्यांची. ते नेटवर्क ते हाताळत असतील तर काढून देतात, कधी फी घेऊन. नाहीतर हात वर.

नवशिका

दिसले!!! तुमचे उपकार कसे फेडू. पण आता पुढे पाठवायला गेलो तर म्हणतंय गॅससाठी बीएनबी पुरेसं नाही. यूएसडीटीतून कापून घेत नाहीत का?

टिचभर

नाही घेत. गॅस म्हणजे नेटवर्कची फी, आणि ती त्या साखळीच्या मूळ नाण्यात. इथेरियमवर इथर, बीएनबी चेनवर बीएनबी, ट्रॉनवर टीआरएक्स. थोडंसं बीएनबी त्याच नेटवर्कने त्याच पत्त्यावर मागवा, काम होईल. खरं तर नवीन वॉलेटवर टोकन पाठवायच्या आधीच थोडं मूळ नाणं नेऊन ठेवावं. ट्रॉनवर यूएसडीटी हलवायला 'एनर्जी' नावाचा प्रकार लागतो, तो नसेल तर टीआरएक्स जळतं, आणि ज्या पत्त्यावर आधी यूएसडीटी कधीच नव्हतं तिथे पाठवताना जवळपास दुप्पट जळतं. स्वस्त म्हणून ट्रॉनवर गेलेले इथे चकित होतात.

या गॅसच्या अडचणीवर एक झकास सापळा बेतलेला आहे. कुणीतरी भोळा चेहरा करून सगळ्यांसमोर विचारतो, 'माझ्या वॉलेटमध्ये यूएसडीटी आहे, हे माझे १२ शब्द, बाहेर कसं काढू?' बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं. आत खरंच यूएसडीटी, फक्त टीआरएक्स नाही. तो स्वतःचं टीआरएक्स पाठवतो, आणि ते क्षणात नाहीसं होतं. ते खातं दुसऱ्याच किल्लीच्या परवानगीवर बांधलेलं असतं. चोरावर मोर व्हायला गेलेल्यांसाठी खास. मला त्यांची फार दया येत नाही, पण ते असो.

फीबद्दल आणखी. एक्स्चेंजची विथड्रॉवल फी बहुतेक ठिकाणी टक्केवारीने नाही, ठरावीक असते, आणि नेटवर्कच्या खऱ्या फीशी तिचा मेळ असेलच असं नाही. लहान लहान रकमा रोज काढण्यापेक्षा साठवून काढलेल्या बऱ्या. घेणाऱ्या एक्स्चेंजची किमान डिपॉझिट मर्यादाही पाहा. त्याहून कमी पाठवलं तर जमाच होत नाही. आणि 'पाठवायची रक्कम' म्हणजे फीसकट की फी सोडून, तेही बघा. घासून मर्यादेएवढी पाठवली आणि फी वजा होऊन खाली गेली, हा प्रकार होतो.

स्वतःच्या वॉलेटमधून पाठवताना फी हाताने भरायची वेळ आली तर आकडा दोनदा वाचा. सप्टेंबर २०२३ मध्ये पॅक्सोस कंपनीकडून साधारण २ हजार डॉलरच्या व्यवहारावर जवळपास २० बिटकॉइन फी भरली गेली होती, म्हणजे ५ लाख डॉलर! तो ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) 'खणणाऱ्या', म्हणजे साखळीत जोडणाऱ्या, एफ२पूलने ती परत केली. परत करणं त्यांच्या मर्जीवर होतं.

भुईनळा

आणि फी फार कमी ठेवली तर?

टिचभर

बिटकॉइनवर व्यवहार मेमपूलमध्ये (अजून न नोंदलेल्या व्यवहारांच्या रांगेत) ताटकळतो. ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी येतो, पण खणणारे जास्त फीवाले आधी उचलतात. वॉलेटमध्ये आरबीएफची (अडकलेला व्यवहार बदलायची) सोय असेल तर तोच व्यवहार वाढीव फीने पुन्हा पाठवता येतो. घेणाराही त्या न पोचलेल्या रकमेवर जास्त फीचा पुढचा व्यवहार लावून मागच्याला ओढू शकतो. काहीच केलं नाही तर बरेच नोड (नेटवर्क चालवणारे संगणक) डीफॉल्टने १४ दिवसांनी तो विसरून जातात आणि नाणी होती तिथेच राहतात.

इथेरियमवर व्यवहारांना क्रमांक असतो. एक अडकला की त्याच्या मागचे सगळे अडकतात. घाबरून पाच वेळा 'पाठवा' दाबलं तर अडकलेला मोकळा झाल्यावर पाचही जातील. अडकलेल्याच क्रमांकाचा व्यवहार जास्त फीने पाठवून तो बदलायचा, बहुतेक वॉलेटात 'स्पीड अप' आणि 'कॅन्सल' म्हणून तेच असतं.

चाफेकळी

मला एक वेगळंच सांगायचंय, कारण आमच्या नात्यात हे घडलंय. तिथे पत्ता, नेटवर्क काहीच चुकलं नव्हतं. ज्या साइटवर पैसे ठेवले होते तीच खोटी होती. ओळख ऑनलाइन झालेली, फार गोड बोलणारी व्यक्ती, महिनोन्महिने रोज गप्पा. साइटवर नफा वाढताना दिसायचा. सुरुवातीला थोडे पैसे काढूही दिले, म्हणून विश्वास बसला. मोठी रक्कम काढायला गेल्यावर 'आधी कर भरा'. तो भरला, तर 'खातं पडताळणीसाठी अनामत'. मग 'विलंबाचा दंड'. पडद्यावरचे आकडे नुसते रंगवलेले होते.

खरं एक्स्चेंज फी शिलकीतून कापतं. स्वतःचेच पैसे काढण्यासाठी बाहेरून नवे पैसे भरायला सांगितले, की तिथेच थांबायचं. गेले ते गेले, पुढचे तरी वाचतात. आणि त्यानंतर 'तुमचे बुडालेले क्रिप्टो परत मिळवून देतो' म्हणणारे येतात, आगाऊ फी मागतात. ते त्याच टोळीचे असतात किंवा त्यांनी तुमचं नाव त्या टोळीकडून विकत घेतलेलं असतं.

खडूस_काका

ताई, हे वेगळ्या धाग्याच्या लायकीचं आहे. लिहाच.

रात्रपाळी

खात्याच्या सुरक्षेबद्दल थोडं. विथड्रॉवल व्हाइटलिस्ट सुरू करा: साठवलेल्या पत्त्यांखेरीज कुठेही पैसे जात नाहीत, आणि नवा पत्ता टाकला की तो वापरात यायला एक्स्चेंज बहुधा काही काळ थांबवतं. कुणी खात्यात घुसलंच तर तेवढा वेळ तुमच्या हातात राहतो. लॉगिनची दुसरी पायरी एसएमएसवर ठेवू नका, सिम पळवणं अवघड राहिलेलं नाही; अ‍ॅप किंवा पासकी वापरा. अँटी-फिशिंग कोडची सोय असेल तर लावा, मग एक्स्चेंजच्या खऱ्या ईमेलवर तुमचा शब्द छापून येतो. आणि साइटवर जाताना सर्च इंजिनमधल्या पहिल्या दुव्यावर जाऊ नका, तो पुष्कळदा जाहिरात असतो. बुकमार्क करा.

पासवर्ड किंवा दुसरी पायरी बदलली की बरीच एक्स्चेंज २४ तास किंवा अधिक काळ विथड्रॉवल बंद ठेवतात. तेव्हा ज्या दिवशी पैसे हवेत त्याच दिवशी सुरक्षा सुधारायला बसू नका.

आणि ही सगळी वाट एकदा तरी आधी चालून पाहा. माउंट गॉक्स एक्स्चेंजने फेब्रुवारी २०१४ मध्ये, क्रिप्टो ठेवी घेणाऱ्या सेल्सियसने जून २०२२ मध्ये, एफटीएक्स एक्स्चेंजने नोव्हेंबर २०२२ मध्ये विथड्रॉवल थांबवली. एफटीएक्सने दिवाळखोरीचा अर्ज केला तो त्यानंतर तीन दिवसांनी. अशा वेळी ज्यांचं वॉलेटच अजून तयार नव्हतं ते नुसते पाहत बसले.

खडूस_काका

इथे मी असहमत. 'सगळं स्वतःच्या वॉलेटमध्ये न्या' हा मंत्र सरसकट देऊ नका. एक्स्चेंज बुडून गेलेल्यांची बातमी होते; कागद हरवून, फोन फॉरमॅट करून, घरात कुणालाच ठाऊक नसताना माणूस जाऊन जे बुडतं त्याची होत नाही. ज्याला १२ शब्द कुठे ठेवले हे वर्षभराने सांगता येणार नाही, त्याने थोडी रक्कम नावाजलेल्या एक्स्चेंजवर ठेवली तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही.

आणि शब्दांचा स्क्रीनशॉट काढून गॅलरीत ठेवणाऱ्यांसाठी: फेब्रुवारी २०२५ मध्ये सायबर सुरक्षा कंपनी कॅस्परस्कीने स्पार्ककॅट नावाचं मालवेअर उघड केलं, ते फोटोंतला मजकूर वाचून हेच शब्द शोधायचं. गूगल प्ले आणि अ‍ॅपल अ‍ॅप स्टोअर, दोन्हीकडच्या अ‍ॅपमध्ये सापडलं.

रात्रपाळी

काका, रक्कम आणि माणूस पाहून ठरवावं, मान्य. पण वाट तरी माहीत हवी की नको? विहीर खणायला आग लागायची वाट पाहायची नसते.

खडूस_काका

ते मी कुठे नाकारलं? आधी रिकाम्या वॉलेटमध्ये किरकोळ रक्कम ठेवा, वॉलेट पुसा, कागदावरच्या शब्दांवरून पुन्हा उभं करा. जमलं तर पुढे जा.

भुईनळा

एक शंका. आर्बिट्रमवरून इथर मूळ इथेरियमवर आणायला अधिकृत ब्रिज (एका साखळीवरून दुसरीवर पैसे नेणारी सोय) लावला, तर सात दिवस थांबा म्हणतंय. फसलो का?

आडगणिती

नाही. आर्बिट्रम, ऑप्टिमिझम, बेस या इथेरियमवर आधारलेल्या साखळ्यांच्या रचनेतच आक्षेप घ्यायची साधारण सात दिवसांची मुदत आहे. ती संपली की इथेरियमवर येऊन आणखी एक व्यवहार करून पैसे उचलावे लागतात, त्यासाठी तिथे थोडं इथर ठेवा. घाई असेल तर बाहेरचे जलद ब्रिज फी घेऊन लगेच देतात, पण मग त्यांच्या करारावर भरवसा टाकावा लागतो. एक्स्चेंज थेट आर्बिट्रमवर डिपॉझिट घेत असेल तर ब्रिजचा खटाटोपच नको. फक्त यूएसडीसी (हेही डॉलरशी बांधलेलं नाणं) असेल तर मूळचं की ब्रिज करून आलेलं 'यूएसडीसी डॉट ई' ते पाहा. नावं सारखी, टोकनं वेगळी. बरीच एक्स्चेंज फक्त मूळचं घेतात.

टिचभर

पी२पीवर (थेट दुसऱ्या माणसाला) विकून बँकेत पैसे घेणाऱ्यांसाठी: 'पैसे पाठवले' असा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेचं खातं स्वतः उघडून बघा, मगच नाणी सोडा. पाठवणाऱ्याचं नाव एक्स्चेंजवरच्या नावाशी जुळत नसेल तर सोडू नका, तक्रार नोंदवा. ते पैसे कुणा तिसऱ्याला फसवून आलेले असतील तर खातं गोठतं तुमचं.

नवशिका

शेवटचं विचारतो. बीएनबी मागवायला गेलो तर आता एक्स्चेंज विचारतंय की वॉलेट कुणाचं, मालक तुम्हीच याचा पुरावा द्या. काकांनी घाबरवल्यापासून सगळंच खोटं वाटतंय. आणि वॉलेटमध्ये एक अनोळखी टोकनही आलंय, नावातच साइटचा पत्ता आहे.

आडगणिती

हे बऱ्याच ठिकाणी खरं असतं. एफएटीएफ या काळ्या पैशाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्ये 'ट्रॅव्हल रूल' क्रिप्टोला लावायला सांगितला, तेव्हापासून अनेक देशांतली एक्स्चेंज पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची माहिती मागतात. फक्त ही मागणी तुम्ही स्वतः बुकमार्कवरून उघडलेल्या विथड्रॉवल पानावरच आली पाहिजे, ईमेलमधल्या दुव्यावर नाही. पुरावा म्हणून एक तर साधा मजकूर वॉलेटने साइन करायला सांगतात किंवा त्या पत्त्यावरून ठरावीक किरकोळ रक्कम पाठवायला. साइन करताना वॉलेट नुसता वाचता येणारा मजकूर दाखवेल. तिथे 'अप्रूव्ह' किंवा टोकन खर्चाची परवानगी दिसली तर नाकारा. तुम्हाला साइन करणंच सोयीचं, किरकोळ रक्कम पाठवायलाही गॅस लागेल आणि तोच तुमच्याकडे नाहीये.

ते टोकन लपवा. विकायला जाऊ नका, त्या साइटवर जाऊ नका.